जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करावी का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात गाड्या वेगवेगळ्या आहेत आणि प्रश्न जवळजवळ एकच : जुन्या स्पोर्ट्स कारवर घातलेले पैसे वसूल होतात का? विकून वसूल होतात का, असं विचारत असाल तर बहुतेक वेळा नाही. पण तोटा किती होणार आणि तो कुठल्या भागात होणार, हे गाडीगणिक बदलतं. एकीत पैसा पत्र्यात जातो, दुसरीत इंजिनात, तिसरीत भाग शोधण्यात, चौथीत सुतारकामात. म्हणून प्रत्येक पत्राला सविस्तर उत्तर देतो आहोत.

प्रश्न : लेस्टरमध्ये १९७२ची एमजीबी जीटी (ब्रिटिश एमजी कंपनीची पक्क्या छताची स्पोर्ट्स कार) २,२०० पौंडांना मिळते आहे. इंजिन चालू आहे. मालक म्हणतो, ‘थोडं वेल्डिंग करावं लागेल, बाकी काही नाही.’ पूर्ण रिस्टोरेशनला किती खर्च येईल?

‘थोडं वेल्डिंग’ हे एमजीबीच्या जाहिरातीतले सगळ्यात महागडे शब्द. इंजिन चालू आहे याने हुरळून जाऊ नका. या गाडीत इंजिन हा स्वस्त भाग आहे. १,७९८ सीसीचं साधं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन पूर्ण बांधून घ्यायला अडीच ते साडेतीन हजार पौंड लागतात आणि ते बांधणारे ब्रिटनमध्ये गावोगावी आहेत. महाग आहे तो पत्रा.

एमजीबीला वेगळी चासी नाही. दरवाजाखालची सिल हाच गाडीचा कणा. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आत आणखी तीन थर आहेत : आतली सिल, मधला उभा पडदा आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेली ‘कॅसल’ पट्टी. हे सगळं मिळून पेटी होते. पाणी आणि रस्त्यावरचं मीठ पेटीत शिरतं, निचऱ्याच्या फटी चिखलाने बुजतात आणि पत्रा आतून बाहेर कुजतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पडदा गेलेला असतो.

बघायला जाताना लोहचुंबक, टॉर्च आणि फडकं न्या. पुढच्या गोष्टी बघा.

बाहेरची सिल दरवाजाच्या चौकटीपुरती नसते. पुढे ती मडगार्डच्या मागे आणि मागे ‘डॉगलेग’ म्हणतात त्या कोपऱ्याच्या आत जाते. नीट बदलायची तर पुढचं मडगार्ड उतरवावं लागतं आणि मागच्या कोपऱ्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. स्वस्तातलं काम करणारा दरवाजाच्या रुंदीपुरता पत्रा जुन्यावर चढवून मोकळा होतो. दोन्ही टोकांना फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे.

दोन्ही दरवाजे उघडून गाडी बाजूच्या जॅक पॉइंटवर थोडी उचला आणि दरवाजा हळू लावून बघा. दरवाजा अडकला किंवा मागच्या कडेची फट बदलली, तर गाडी मधून वाकते आहे. जॅक पॉइंटच आत दबला, तर पुढे काही बघायची गरज नाही.

पुढच्या सीटमागचं झाकण काढा. १९७२च्या गाडीत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. ॲसिडने त्यांच्या पेट्या सडलेल्या असतात. पेट्या नव्या मिळतात, त्याचं भय नाही, पण आजूबाजूची फरशी कुठपर्यंत गेली आहे ते बघा. पुढच्या मडगार्डच्या आत, हेडलाइटच्या मागे आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यांतही हात घाला.

आता हिशेब. दोन्ही बाजूंच्या पूर्ण सिल, कॅसल, डॉगलेग आणि फरशीचे तुकडे मिळून पत्र्याचे भाग साधारण हजार पौंडांचे. काम १०० ते १४० तासांचं. ताशी ६० पौंड धरले तर ६,००० ते ८,४००. जुना रंग पूर्ण काढून नवा मारायला ५,००० ते ८,०००. इंजिन वर सांगितलं तेवढं. ब्रेक, सस्पेन्शन आणि किंगपिन (पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात ते दांडे) हजाराच्या आसपास. सीट, कार्पेट आणि छताचं अस्तर हजार ते दीड हजार. क्रोम वेगळं. बेरीज १६ ते २३ हजारांत जाते आणि गाडीचे २,२०० त्याच्या वर. अशी पूर्ण केलेली जीटी बाजारात त्याच्या निम्म्या किमतीला मिळते. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबी आणि जीटी मिळून पाच लाखांवर गाड्या झाल्या. म्हणून सुटे भाग भरपूर मिळतात. आणि म्हणूनच भाव चढत नाही.

काम बाहेर देणार असाल तर ही गाडी घेऊ नका. दुसऱ्या कोणी पैसे घालून संपवलेली घ्या, त्याच्या पावत्या आणि वेल्डिंगचे फोटो मागून घ्या. स्वतः वेल्डिंग करणार असाल तर हिशेब बदलतो, कारण मजुरीचे सहा-आठ हजार वाचतात. त्यासाठी मिग मशिन, ०.६ मिमीची वायर आणि आर्गन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरा. या पत्र्याची जाडी १ मिमीच्या आसपास असते. जाड वायर आणि जास्त करंट लावला की भोकं पडतात.

क्रम चुकला तर गाडी कायमची वाकडी होते. गाडी सपाट जमिनीवर, सस्पेन्शनच्या जागी टेकू देऊन ठेवा. दरवाजे बिजागऱ्यांवर लावलेलेच राहू द्या. दरवाजाच्या चौकटीत पुढून मागे आडवा पाइप वेल्ड करा. जीटीला छताचा आधार असतो, उघड्या रोडस्टरला हा पाइप नसेल तर कापायला हात लावू नका. एका वेळी एकच बाजू, तीही आतून बाहेर : आधी आतली सिल आणि कॅसल, मग पडदा, शेवटी बाहेरचा पत्रा. प्रत्येक थर आधी क्लॅम्पवर धरा, चार टाके मारा, दरवाजा लावून फट मोजा. चारही कडांना ४ ते ५ मिमी सारखी आली तरच पुढे. प्लग वेल्डसाठी (वरच्या पत्र्यातल्या भोकातून खालचा पत्रा जोडण्यासाठी) ५-६ मिमीची भोकं २५ ते ३० मिमी अंतरावर पाडा, सांध्यात वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर लावा आणि एका जागी सलग वेल्ड ओढू नका, जागा बदलत टाके मारा. रंग झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारा. निचऱ्याच्या फटी मात्र त्यानंतर तारेने मोकळ्या करा. हे बरेच जण विसरतात आणि दहा वर्षांनी तीच सिल पुन्हा कापतात.

एक सूचना कागदांबद्दल. ४० वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रोड टॅक्स नाही आणि एमओटीही (दरवर्षीची सरकारी तपासणी) सक्तीची नाही. म्हणजे गेल्या काही वर्षांत ही गाडी कोणी तपासलीच नसेल. जुन्या एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट बघता येतो. त्यात सिलबद्दल किती साली काय लिहिलं होतं, ते मालकाला भेटण्याआधी वाचा.

प्रश्न : लंडनमध्ये माझ्या एमजीबीचं इंजिन गेल्या वर्षी नवीन बांधलं. दीड हजार मैलांतच टॅपेट वाजू लागले. फटी जुळवल्या की महिन्याभरात पुन्हा तेच. रॉकर खराब आहेत का?

रॉकरपेक्षा कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर) संशय घ्या. एक-दोन व्हॉल्व्हची फट सारखी वाढत असेल आणि बाकीच्या जागच्या जागी असतील, तर त्या व्हॉल्व्हचे लोब (कॅमशाफ्टवरचे उंचवटे) झिजत आहेत. रॉकर कव्हर काढा, डायल गेज पुशरॉडच्या टोकावर धरा आणि इंजिन हाताने फिरवून प्रत्येक व्हॉल्व्हची उचल मोजा. चारही इनटेकची उचल एकमेकींशी जुळली पाहिजे, तशीच चारही एक्झॉस्टची. एखादी अर्धा मिलिमीटर कमी भरली की उत्तर मिळालं.

याची कारणं दोन. या इंजिनात टॅपेट सपाट तळाचे असतात आणि ते लोबवर घासत चालतात. नवी जोडी पहिल्या वीस मिनिटांत एकमेकींवर बसते. त्या वीस मिनिटांत इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर ठेवावं लागतं, कारण लोबवर तेल उडतं ते क्रँकच्या फिरण्यातून. पहिल्याच दिवशी कार्बोरेटर जुळवण्यासाठी इंजिन आयडलवर ठेवलं की लोब कोरडे राहतात. दुसरं कारण तेल. आजच्या गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी जस्त आणि फॉस्फरस कमी केलेलं असतं. जुन्या गाड्यांसाठीचं २०डब्ल्यू-५० तेल घ्या. त्यात जस्ताचं प्रमाण हजार पीपीएमच्या वर असतं, डब्यावर किंवा माहितीपत्रकात ते छापलेलं असतं. फिल्टर धरून सव्वाचार लिटर तेल लागतं.

नवा कॅमशाफ्ट टाकला तर टॅपेटही आठही नवे टाका, जुने पुन्हा वापरू नका. दोन्ही पृष्ठभागांना मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. सेल्फ मारण्याआधी टाकीत पेट्रोल, रेडिएटरमध्ये पाणी, टायमिंग आणि कार्बोरेटरची मूळ जुळणी तयार ठेवा, म्हणजे इंजिन पहिल्या फेऱ्यात चालू होऊन थेट २,००० वर जाईल. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.३८ मिमी. चालू इंजिनात तेलाचा दाब गरम झाल्यावर ५० ते ८० पीएसआय असावा, आयडलला १० ते २५.

जाता जाता : इंजिन उतरवलंच तर क्लच बदलून टाका. एमजीबीत क्लच बदलायला इंजिन काढावंच लागतं आणि तिचं ग्रॅफाइटचं रिलीज बेअरिंग झिजून संपणारं आहे. ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा जादा गिअर) असेल तर गिअरबॉक्समध्ये तेच इंजिन ऑइल जातं. गिअरचं जाड तेल ओतलं की ओव्हरड्राइव्ह लागायची बंद.

प्रश्न : न्यू जर्सीत १९८७ची पोर्शे ९४४ चार हजार डॉलरला दिसते आहे. गंज अजिबात नाही. मग ही घ्यायला हरकत नाही ना?

एमजीबीचं बरोबर उलटं इथे आहे. ९४४च्या पत्र्यावर कारखान्यातच जस्ताचा मुलामा आहे, म्हणून ती सहसा गंजत नाही. बॅटरीच्या ट्रेखालचा भाग तेवढा बघा. तो कुजला की पावसाचं पाणी शेजारच्या माणसाच्या पायाशी उतरतं. पैसे जातात ते पत्र्याखाली.

या अडीच लिटरच्या इंजिनात दोन बॅलन्स शाफ्ट (थरथर कमी करणारे दांडे) आहेत आणि त्यांचा पट्टा वेगळा. कॅमशाफ्टचा टायमिंगचा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. तीस हजार मैल किंवा चार वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा दोन्ही पट्टे बदलायचे. गाडी उभी होती म्हणजे पट्टा वापरला गेला नाही, असं समजू नका, रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. पट्टा कधी बदलला याची पावती नसेल तर पट्टे, रोलर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील एकदम बदला. भाग पाचशे ते सातशे डॉलरचे, काम आठ-दहा तासांचं. ताण मोजायचं गेज नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका. सैल पट्टा दात सोडतो, ताठ पट्टा वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. नव्या पट्ट्याचा ताण दोन-अडीच हजार मैलांनी पुन्हा तपासतात.

क्लचही तसाच. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे आणि मधे टॉर्क ट्यूब, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी नळी. क्लचपर्यंत पोचायला हे सगळं मागे सरकवावं लागतं, बारा-पंधरा तास. मूळ क्लच प्लेटच्या मधे रबर असतं आणि ते जुनं होऊन फुटतं. गिअर टाकून क्लच सोडताना ‘ठक्’ आवाज आला तर खर्च समोर उभा आहे.

कूलंटच्या बाटलीत कॉफीसारखा फेस दिसला म्हणून हेड गॅसकेट गेलं असं लगेच ठरवू नका. या इंजिनात तेल थंड करणाऱ्या छोट्या कूलरच्या रबरी सील जातात आणि तेल पाण्यात मिसळतं. सील स्वस्त आहेत, घाम निघतो तो तेलकट झालेला पाण्याचा मार्ग धुण्यात. आणि गाडी मधेच बंद पडून पाच मिनिटांनी आपोआप चालू होत असेल, तर इंजेक्शनचा डीएमई रिले (इंधन पंप आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला वीज देणारा स्विच) उघडून बघा. आतल्या सोल्डरला केसासारखी चीर जाते. भाग अगदी किरकोळ किमतीचा आहे, पण त्याच्यापायी लोकांनी गाडीतला इंधन पंप आणि कॉम्प्युटर बदलले आहेत.

चार हजारांची गाडी, पट्टे, क्लच, इंजिन माउंटिंग, स्टिअरिंगची गळती, टायर असं करत तुम्ही साधारण दहा हजारांवर पोचाल. तेवढ्यात ही कामं झालेली, पावत्या असलेली ९४४ मिळते. ती घ्या. गंज नाही हा चांगला मुद्दा आहे, पण या गाडीत तो सगळ्याच जाहिरातींत असतो.

प्रश्न : कोल्हापुरात सॅन स्टॉर्म बारा वर्षं झाडाखाली उभी आहे. मालक नाममात्र किमतीत द्यायला तयार आहे. भाग मिळतील का? नोंदणीचं काय?

गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या छताची गाडी. आपल्याकडे असं काही होतं हे नव्या मुलांना सांगूनही पटत नाही. मोह होणं साहजिक आहे. पण आधी कागद, मग गाडी.

आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. फोटोवर विश्वास ठेवू नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं आणि ते गाडी आरटीओत तपासल्यावरच होतं. बारा वर्षं उभ्या गाडीचं नूतनीकरण बहुधा चुकलेलं आहे. खासगी चारचाकीला उशिराबद्दल महिन्याला ५०० रुपये अधिक शुल्क, शिवाय नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर. ही बेरीज आरटीओतून काढून घ्या आणि गाडीच्या किमतीतून वळती करा. बँकेचा बोजा आरसीवर तसाच असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. बंद पडलेल्या फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र मिळवता मिळवता माणूस म्हातारा होतो.

गाडीत चांगली बातमी अशी की इंजिन १,१४९ सीसीचं रेनोचं आहे. क्लिओ आणि ट्विंगो या युरोपातल्या छोट्या गाड्यांत तेच इंजिन होतं. भारतात ते दुसऱ्या गाडीत आलं नाही, त्यामुळे इथल्या दुकानात नाव सांगून उपयोग नाही. पण टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गॅसकेट संच, सेन्सर हे सगळं इंजिनाच्या कोडवरून युरोपातून मागवता येतं. वाईट बातमी म्हणजे काच, दिवे, दरवाजाचे रबर, छताची फ्रेम, डॅशबोर्ड. हे जिथे तुटलंय तिथे नवं मिळणार नाही. म्हणून ही गाडी विकत घेताना इंजिनापेक्षा समोरची काच अखंड आहे का ते बघा. इंजिन बोटीने येतं, काच येत नाही.

बॉडी फायबरची असल्यामुळे गंजत नाही, पण झाडाखालच्या ओलीने आणि उन्हाने वरचा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) बारीक तडकतो. त्या तड्यांवर सरळ रंग मारला तर सहा महिन्यांत त्या पुन्हा वर येतात. तडा व्ही आकारात घासून उघडा, ॲसिटोनने पुसा, बारीक मॅट आणि रेझिन भरा, वाळल्यावर घासा, मग इपॉक्सी प्रायमर. फायबरवर लोखंडी गाडीची लांबी जाड थराने लावू नका, ऊन-पावसात ती सुटते. खालचा पोलादी सांगाडा मात्र गंजतो आणि फायबरमुळे तो झाकलेला राहतो. गाडी लिफ्टवर घेऊन पाइप आणि ब्रॅकेट हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून ऐका. ‘टण’ आवाज आला तर पाइप धड, ‘थप’ आला तर आतून कुजलेला.

सेल्फ लगेच मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, टाकी धुवा. आतला इलेक्ट्रिक पंप डिंकासारख्या गाळात अडकलेला असणार. टायमिंग बेल्ट नवा टाका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दुसऱ्या दिवशी पान्याने क्रँक हाताने दोन-चार फेरे फिरवा. उंदरांनी वायरिंग खाल्लं असेल तर तुकड्यांची जोडाजोडी न करता पूर्ण हार्नेस बनवून घ्या, पुण्या-कोल्हापुरात तीस-चाळीस हजारांत होतो.

सगळं मिळून चार ते सहा लाख लागतील. विकताना ते मिळतील असं गृहीत धरू नका. या गाडीला ठरलेला बाजारभावच नाही, हौशी गिऱ्हाईक भेटेल तो भाव. स्टॉर्म हवीच असेल तर घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

प्रश्न : मुंबईत आजोबांची १९५१ची एमजी टीडी आहे. भारतातच नोंदलेली, इंजिन मूळचं. लाकडाला वाळवी लागली आहे आणि इंजिन जाम आहे. एकाने सुचवलं की त्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून घ्या. करावं का?

नको. आलेल्या सगळ्या पत्रांत पैसे घाला असं आम्ही फक्त तुम्हाला सांगणार आहोत आणि दुसरं इंजिन बसवलंत की ते कारणही संपेल.

२०२१ साली आलेल्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. अर्ज नमुना २० मध्ये, परिवहन पोर्टलवर. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. ही गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. लाकूड बदलण्याआधी प्रत्येक सांध्याचे फोटो काढा आणि जुने तुकडे फेकू नका. नवा तुकडा त्यांच्यावरूनच कापायचा आहे, आणि मूळ रचना तीच ठेवली हे दाखवायलाही ते उपयोगी पडतात.

टीडीची चासी पोलादी आहे, पण वरची बॉडी ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेल्या पत्र्याची. ॲश लवचिक असतं आणि स्क्रू घट्ट धरतं. आपल्याकडे सुतार सागवान सुचवतील. चालतं, वाळवीला दादही देत नाही, पण तेलकट असल्यामुळे गोंद धरत नाही. सांधा जोडण्याआधी सागवान ॲसिटोनने पुसा आणि लगेच इपॉक्सी लावा. लाकूड वाळलेलं हवं, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास. ओलं लाकूड वापरलं की पहिल्या उन्हाळ्यात दरवाजे लागेनासे होतात. सगळा सांगाडा एकदम सोडू नका. खालच्या दोन लांब पट्ट्या आधी, त्यानंतर बिजागरीचे खांब, मग मागचा भाग. बॉडी आणि चासीच्या मधे पातळ पट्ट्या असतात, त्या कुठल्या बोल्टखाली किती होत्या हे लिहून ठेवा. दरवाजा कुठे टेकणार हे त्या पट्ट्या ठरवतात. पत्रा ठोकण्याआधी बॉडी चासीवर बोल्टने कसून, दरवाजे लावून बघा.

जाम इंजिन बहुतेक वेळा सुटतं. १,२५० सीसीच्या या इंजिनाचे प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समप्रमाणात दोन चमचे सोडा, आठवडाभर थांबा. रोज थोडं घाला. मग हँडलने पुढे-मागे हलकं हलवा. पाइप लावून जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सुटलं नाही तर हेड उतरवा. सुटलं तरी चालू करायच्या आधी तेलाची पॅन काढून गाळ साफ करा. या इंजिनाचा ऑइल पंप खूप दिवस उभा राहिला की तेल ओढत नाही, त्यात आधी तेल भरावं लागतं. प्लग न लावता फिरवून गेजवर दाब चढलेला दिसला की मगच प्लग लावा.

फिटरला एक गोष्ट आवर्जून सांगा. या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. मिलिमीटरचा पाना बसत नाही म्हणून आटेही इंची समजून इंची बोल्ट पिळले जातात. शिवाय ८ मिमीच्या बोल्टचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमीचा आहे, बाजारातला साधा ८ मिमीचा बोल्ट १.२५चा येतो. तो दोन फेरे जातो, मग अडतो, मग कोणीतरी जोर करतं आणि ब्लॉकचे आटे जातात.

पेट्रोल आता ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल जुन्या रबरी होज, कॉर्क आणि इंधन पंपाचा डायफ्राम खातं. होज इथेनॉल सोसणारे, जे-३० आर-९ दर्जाचे टाका. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), म्हणून एसयू कार्बोरेटरची जेटची नट थोडी खाली घ्या. एका वेळी एक सपाटी, म्हणजे एक षष्ठांश फेरा, मग गाडी चालवून प्लगचा रंग बघा. पांढरा असेल तर आणखी एक, तपकिरी आला की थांबा. गाडी महिनोनमहिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

ब्रिटनहून येणारे भाग, सुतारकाम, रंग, क्रोम, चामडं मिळून नऊ ते अकरा लाख धरा आणि त्यावर आणखी एक चतुर्थांश हाताशी ठेवा.

प्रश्न : क्रोम आधी करून घेऊ का? तेवढी तरी चमक येईल. (नाशिक)

शेवटी करा. बंपर रंगाच्या आधी एकदा लावून बघायचा, भोकं जुळवायची, मग क्रोमला पाठवायचा. क्रोम झाल्यावर भोक वाढवायची वेळ आली तर मुलामा कडेपासून सुटायला लागतो. प्लेटिंगवाल्याला आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असंच सांगा आणि तांब्यानंतर एकदा बघायला जा. खड्डे तिथेच भरले जातात, पुढे नाही.

प्रश्न : रिस्टोर केलेल्या गाडीचा विमा किती रकमेचा मिळतो? (ठाणे)

पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तक्त्यावरून ठरत नाही, विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. म्हणून पावत्यांची फाइल, कामाचे तारखेसह फोटो आणि मान्यताप्राप्त सर्व्हेअरचं मूल्यांकन घेऊन जा. ठरलेली रक्कम पॉलिसीच्या कागदावर आकड्यात छापून आली आहे का ते हप्ता भरण्याआधी बघा. गाडी गॅरेजमध्ये सुटी करून ठेवलेली असते त्या काळात आग आणि चोरीचं संरक्षण आहे का, हेही विचारा. सुट्या झालेल्या भागांना बऱ्याचदा ते नसतं.